हत्तिणीवरच्या फांद्या

"माझ्या नवऱ्यानं हत्तीण मारलेली नाही, ताई," हावो म्हणाली. "आम्ही ताना नदीकडून गुरं घेऊन आलो तेच मुळी काल संध्याकाळी. तो तुरुंगात गेला तर एवढी गुरं मी एकटी कुठं पाण्याला नेऊ?"

केनियातल्या वोई गावची खाजगी तपासनीस मघोई लगेच उठली. तिचा मदतनीस म्वाकिओ अर्धा चहा टाकून मागोमाग निघाला.

ओढ्यात हत्तीण पडली होती. अंगभर फांद्या, टोकं पिळवटून मोडलेली. वास असा की म्वाकिओनं सदऱ्यानं नाक झाकलं. आफ्रिकेतल्या हत्तिणींनाही सुळे असतात; हिचे गायब होते, पण तोंडावर कुऱ्हाडीचा एकही घाव नव्हता. त्याला काही सुधरेना.

मघोईनं काठीनं तोंड उघडून पाहिलं. दाढा पार झिजलेल्या होत्या.

झाडाला हावोचा नवरा गल्गालो बांधलेला होता. "ही बघा याची कुऱ्हाड," जंगलरक्षक म्वान्जाला म्हणाला. "मारली, सुळे काढले, फांद्यांनी झाकली. माझी रोजची गस्त इथूनच असते, म्हणून आज सकाळी सापडली."

"धार तर छान आहे," मघोई म्हणाली.

"शेळ्यांना पाला तोडायला लागते, ताई," गल्गालो पुटपुटला.

म्वाकिओनं हत्तिणीचं तोंड पुन्हा निरखलं. कुऱ्हाड आहे, घाव नाही. "मग हिला मारलं तरी कुणी?"

"कुणीच नाही. दाढा संपल्या की हत्ती उपासमारीनं मरतो. म्हातारी होती ती. हाती एवढी धारदार कुऱ्हाड असताना फांद्या पिळून कोण मोडेल? सोंडेनं मोडल्यात त्या. कळपानंच तिला झाकलंय."

"आणि सुळे?"

"ताज्या मढ्यातून काढायचे तर तोंड फोडावं लागतं. मांस कुजलं की ते हातानं उपटता येतात. त्याला बरेच दिवस लागतात. गल्गालो तर कालच आला." ती म्वान्जालाकडे वळली. "रोज इथून जातोस, आणि एवढा वास आजच आला होय रे तुला?"

म्वान्जालानं कुऱ्हाड खाली टाकली. म्वाकिओला त्याची कीव आली आणि संतापही.

"आपल्या मरणानं मेली होती ती, ताई. मातीतच जायचे होते ते सुळे. विकले तर कुणाचं काय बिघडलं?" म्वान्जालानं विचारलं.

"एकदा गिऱ्हाईक लागलं की ते पुढच्या खेपेला जिवंत हत्ती मागतं."

"पण मी कुणाचा जीव तर घेतला नाही ना?"

"तिचा नाही घेतलास," गल्गालोचे दोर सोडत मघोई म्हणाली. "याचा घेत होतास."