मोजपट्टीची उघड्या टपाची गाडी

भुताच्या बाबतीत या गल्लीत माझा हात धरणारा कोणी नाही. चाळीस वर्षं रात्रपाळीची बस चालवली, भुताला एकदाही घाबरलो नाही. आता भूत एकदाही दिसलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आणि ज्या रात्री दिसायची वेळ आली, त्या रात्री मी डोळे मिटून घेतले. तेव्हा माझा हात धरायचाच असेल तर धरा बापडे, तेवढाच आधार.

पुतण्या, तो फोन इकडे कर बघू. हीच का ती गाडी? लाल, दोन सीटांची, टप उघडणारी, आठ वर्षं जुनी आणि निम्म्या किमतीत. अरे, तुझ्या चपलेचा अंगठा तू तारेनं बांधलायस, आणि हिला पोसणार? हत्ती स्वस्तात मिळतो रे, महाग पडतो तो चारा. बसा तिघंही. दिवा बंदच राहू दे, डास येतात.

माझ्या ओळखीत एक होता. फरशीचं दुकान होतं त्याचं. कमरेला कायम मोजायची टेप, म्हणून आम्ही त्याला मोजपट्टी म्हणायचो. फरशी विकायचा फुटावर आणि बायकोशी बोलायचा इंचावर. साठीला दोन वर्षं उरली आणि याला टप उघडणारी गाडी हवीशी वाटली. ज्याच्या डोक्यावर केस नाहीत त्यालाच ते वाऱ्यावर उडवायची हौस.

एका रविवारी सकाळी मला घेऊन गाडी बघायला गेला. गाडी एका म्हाताऱ्या डॉक्टरची. डॉक्टर म्हणाले, "हिला पहिल्यापासून एकाच मेकॅनिकचा हात. तो गेला. आता हिच्याकडे बघणारं कोणी नाही, म्हणून विकतोय." आणि सर्व्हिसची वही पुढे केली. तारीख, किलोमीटर, काय केलं, पुढच्या खेपेला काय करायचं. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात काळा अंगठा.

"कसा गेला?" मी विचारलं.

"जॅक सरकला."

कुठल्या गाडीखाली, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मोजपट्टीनं विचारलं नाही. तो टायरची रुंदी मोजत होता.

येताना मी त्याला खर्च ऐकवला. टपाचं कापड फाटलं तर एका स्कूटरची किंमत. टपाचा पंप गळला तर दुसऱ्या स्कूटरची. टायर असे की दुकानदार आधी तुम्हाला खुर्ची देतो, मग भाव सांगतो. मोजपट्टीनं फरशीच्या खोक्यावर सगळं लिहिलं आणि एकेक खोडत गेला.

"टप उघडायचाच नाही, म्हणजे फाटणार नाही. हळू चालवायची, म्हणजे ब्रेक झिजणार नाहीत. तेल दोन वर्षांनी."

"मग ही गाडी घेता कशाला?"

"स्वस्त आहे, दादा."

घेतली. दुकानामागच्या गोदामात ठेवली. वहिनी एकदा हौसेनं बसायला आल्या, तर म्हणाला, "तू नको. एका बाजूच्या स्प्रिंगा बसतात." तीस वर्षं संसार केलेल्या बाईला. वहिनींनी पदर सावरला आणि आत गेल्या.

तीन आठवड्यांत पुढच्या डाव्या चाकातून किरकिर यायला लागली. मी म्हटलं, ब्रेक बघून घ्या. हा म्हणाला, गाणं लावलं की ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किरकिर बंद. वहीत नवी ओळ होती, त्याच दिवसाच्या तारखेची. 'तेल बदललं. डावा ब्रेक नवा घातला. पुढच्या खेपेला बेल्ट.' तेच झुकलेलं अक्षर. कोपऱ्यात अंगठा. आणि डाव्या सीटवर वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं, आत झिजलेला जुना ब्रेक. चांगला मेकॅनिक काढलेला पार्ट मालकाला परत देतो, बदलला नाही असं कोणी म्हणायला नको म्हणून.

तुम्ही आम्ही असतो तर गाडी तिथेच टाकून मामाच्या गावाला पळालो असतो. मोजपट्टी मला बाजूला घेऊन म्हणाला, "कुठे बोलू नका. बोललात तर यायचा बंद होईल." फुकट ते पौष्टिक. मग भूतही भूत वाटत नाही, नोकर वाटतो.

बेल्ट झाला. जुना बेल्ट पुडक्यात. मग यानं स्वतःच वहीत लिहायला सुरुवात केली. 'टपाचा पंप गळतो, बघावा.' पंप झाला. 'काचेचा रबर.' रबर झाला. मेलेल्या माणसाला कामाची यादी देणारा हा पहिलाच असेल. शेवटी तर दुकानाचा टेंपो आणून शेजारी उभा केला आणि लिहिलं, 'याचंही करून टाकावं.'

टेंपोला कोणी हात लावला नाही. सकाळी वहीत एवढंच होतं. 'गाडीत आता दोष नाही. पुढच्या खेपेला, मंगळवारी, चालक बदलायचा.'

तेव्हा मात्र वही घेऊन माझ्याकडे आला.

"विकून टाका," मी म्हटलं. "आजच्या आज."

"आज विकली तर घेतलेल्याच्या निम्मेही येत नाहीत."

"अहो, जीव जाईल."

त्यानं खरंच विचार केला. दोन्ही आकडे शेजारी मांडल्यासारखा. मग म्हणाला, "मंगळवारी मी रात्रभर सीटवर बसूनच राहतो. चालक जागेवर असल्यावर तो बदलणार कसा? तुम्ही फक्त सोबत या."

उंटावरचा शहाणा मी ऐकला होता, टपाखालचा पहिल्यांदा पाहिला.

मंगळवारी रात्री दहाला आम्ही गोदामात गेलो. शटर खाली ओढलं, आतून कडी घातली. तो सीटवर, पट्टा बांधून, किल्ली मुठीत. मी फरशीच्या खोक्यांवर, हातात टॉर्च. बारा वाजले. साडेबारा. तो मला विचारत होता, टॉर्च उगाच लावत नाही ना, सेल उतरतात.

एक वाजून दहा मिनिटं.

टपाचा पंप वाजला. अगदी हळू. टप मागे गेला... मोजपट्टीनं बटण दाबलं नव्हतं.

मी टॉर्चचं बटण दाबलं. लागला नाही.

गाडीखाली काहीतरी सरकलं. पाठीवर झोपून सरकतात, तसं.

मग पाना. एक वेढा... दुसरा वेढा...

मी डोळे मिटले.

"दादा," मोजपट्टी म्हणाला.

मी डोळे आणखी घट्ट मिटले.

तिसरा वेढा...

मग तो दुसऱ्याच कोणाशी तरी बोलला. "किती... सगळे मिळून किती होतील?"

पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. ठेवल्याचा. पडल्याचा नाही.

शटर वर गेलं. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. मी डोळे उघडले तेव्हा गोदाम रिकामं होतं.

पाच वाजता गाडी परत आली. टप उघडाच. मोजपट्टी उतरला, फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडे बघून हसला. तीस वर्षांत त्याचे दात मी पहिल्यांदा पाहिले. म्हणाला, "तुमच्या स्कूटरचा आवाज बरा नाही. रात्री इथेच ठेवून जा." ती स्कूटर मी ढकलत घरी नेली आणि त्याच दिवशी विकून टाकली. त्याच्या नखांत काळं तेल होतं. मोजपट्टीनं आयुष्यात बॉनेट उघडलं नव्हतं.

वहीत ओळ होती. 'चालक बदलला. चालवून पाहिलं. आवाज नाही.'

तेवढ्यात त्याला शोधत वहिनी आल्या. त्यानं त्यांच्यासाठी डावं दार उघडून धरलं. सीटवर पुडकं होतं, वर्तमानपत्रातलं, मुठीएवढं. वहिनींनी ते उचललं, मांडीवर घेतलं आणि बसल्या. दोघं फेरी मारायला गेले.

तिसऱ्या दिवशी तो दुकानात आहेसं बघून मी त्यांच्या घरी गेलो. पुडकं स्वयंपाकघरात होतं, डब्यांच्या मागे, न उघडलेलं. मी बोट लावलं. तिसरा दिवस, थंडगार फळी, आणि पुडकं कोमट होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "तुमच्या घरात वावरतोय तो कोण आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. पुडक्याची सुतळी ओढून आणखी एक गाठ मारली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आधी कोण होतं, ते तीस वर्षांत एकदा तरी विचारलंत?"