पाठीवरची बक्कलं

रविवारी साखरपुडा, आणि गुरुवारी भरदुपारी नवरी मुलगी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त फौजदाराची बेल वाजवते, म्हणजे काहीतरी बिनसलं असणार. एवढं समजायला पोलिसात नोकरी करावी लागत नाही. श्रीधर कानड्यांनी तर ती जन्मभर केली होती. त्यांनी दार उघडलं, तशी भाग्यश्री आत आली आणि उभीच राहिली.

"काका, दादाच्या जॅकेटची बक्कलं पाठीवर होती," ती म्हणाली.

कानड्यांनी आधी तिला पाणी दिलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

येरवड्याच्या त्या सोसायटीत तिच्या दादाची, वैजनाथची, कहाणी कोणाला ठाऊक नव्हती? अंबाजोगाईकडचं कोरडवाहू गाव. बाप लवकर गेला. इंदुबाईंनी शिवणाचं मशीन चालवून दोन्ही लेकरं पुण्यात आणली, शिकवली. वैजनाथ हिंजवडीत लागला. पहिल्या दिवशी कंपनीची बस त्याला न्यायला आली, तेव्हा इंदुबाई गॅलरीत उभ्या राहून ढसाढसा रडल्या होत्या. मग अमेरिकेला पाठवायची एक जागा निघाली आणि ती वैजनाथला मिळाली. त्या आनंदात तो ऑफिसातल्या दोन मित्रांबरोबर, तेजस आणि अयानबरोबर, दक्षिणेकडच्या एका बेटावर गेला. नारळीची झाडं, पाण्याकाठी खोल्या, जाहिरातीत असतं तसलं सगळं. पोराने तोवर समुद्र पाहिलाही नव्हता. आला तो पेटीतून.

बेटावरच्या पोलिसांनी कागद रंगवून प्रकरण मिटवलं. मुलगा सकाळी एकटा पाण्यात उतरला, लाइफ जॅकेट उलटं घातलं, बुडाला. इंदुबाई तेव्हापासून येईल त्याला एकच सांगत: माझ्या शिकलेल्या लेकराला साधं जॅकेट घालता आलं नाही. त्याच्यावर रागावत आणि रागावल्याबद्दल पुन्हा रडत. ऐकणाऱ्याला कुठे बघावं ते कळत नसे.

या सगळ्यात तेजसने घर सावरलं. इंदुबाईंची औषधं, दवाखाना, घरातली बारीकसारीक कामं, सगळं त्याने पाहिलं. अमेरिकेची जागा पुढे त्याला मिळाली. तिथून फोन करायचा तोही आधी इंदुबाईंना; त्यांना तो मावशी म्हणायचा. आता तो भाग्यश्रीशी लग्न करून तिला तिकडे नेणार होता. सोसायटी त्याला देवमाणूस म्हणायची. कानडे कोणालाच देवमाणूस म्हणत नसत, पण पोरगा त्यांनाही आवडायचा.

"उलटं म्हणजे मला वाटायचं, वरचं खाली," भाग्यश्री म्हणाली. "आज अयान आहेर घेऊन आला होता. बोलता बोलता म्हणाला, दादाला पाण्यातून काढल्यावर बक्कलं त्यानेच सोडली आणि ती पाठीवर होती. काका, मी घरी दादाची सॅक पोटावर घेऊन पाहिली. मागचं बक्कल मला काही लागलं नाही."

"मग?"

"मग ते कोणीतरी लावून दिलं. दादा एकटा नव्हता. रविवारच्या आत मला कळायला हवं, तिथे कोण होतं."

कानडे दुसऱ्या दिवशी कॅम्पात गेले. अयान सुट्टी घेऊन वडिलांच्या दुकानात बसला होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. कानड्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"त्या सकाळी तू कुठे होतास?"

"मासे दाखवायला बोट नेतात, तिच्यावर. बरोबर दहाबारा माणसं होती. परत आलो तर काठावर गर्दी."

"तेजस?"

"खोलीत झोपला होता. निदान तो तसं म्हणाला."

"तुला पोहता येतं?"

"नाही. माझा चुलतभाऊ खडकवासल्यात बुडून गेला, तेव्हापासून अब्बा पाण्याचं नाव काढू देत नाहीत."

"आणि तेजसला?"

"त्याने पोलिसांना सांगितलं, पाण्याची भीती वाटते. आधी कधी विषयच निघाला नव्हता. आम्ही हिंजवडीत पोहायला थोडेच जातो, काका."

"जॅकेट कसं घालायचं, ते कोणी शिकवलं होतं का?"

"ती नुसती खुंटीवर टांगलेली होती. ज्याला हवं त्याने घ्यावं." अयानने मान खाली घातली. "मी पोलिसांना बक्कलांचं सांगितलं होतं. ते म्हणाले, उलटंच ना, मग झालं. मीही गप्प बसलो."

कानड्यांनी चहा संपवला. अयानला आणखी दुखवावं असं त्यांना वाटेना.

शनिवारी संध्याकाळी ते इंदुबाईंकडे गेले. तेजस आलेला होता, साखरपुड्याच्या जेवणाचं बोलणं चाललं होतं. भाग्यश्री भिंतीला टेकून उभी होती. कानडे अघळपघळ बसले आणि जुन्या पुण्याच्या गप्पा मारू लागले. पेठेतले हौद, तालमी, विहिरी. तेजस पेठेतच वाढलेला, तो हसून ऐकत होता.

"आम्हाला पोहायला शिकवायचे ते डबा बांधून," कानडे म्हणाले. "रिकामा, तोंड झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा. त्याची दोरी गळ्यात अडकवायची आणि द्यायचं ढकलून."

"गळ्यात कोण अडकवेल, काका?" तेजस म्हणाला. समोरचा चुकला की पुणेकराला राहवत नाही. "फास बसेल की. डबा पाठीवर, दोरी पोटावरून. आणि गाठ बरगडीकडे घ्यायची, पोटावर आली की काचते."

"किती काचते?"

"वळ उठतात. आठवडाभर..." तो थांबला.

पंखा फिरत होता.

"म्हणजे तुला पोहता येतं," कानडे शांतपणे म्हणाले. "तेजस, मी सांगतो, चुकलं तर दुरुस्त कर. तुला सवय आहे. ज्याने कधी पाणी पाहिलं नाही, तो जॅकेट शर्टासारखं घालेल, बक्कलं आणि जाड फोम पुढे. वैजनाथनेही तसंच घातलं असतं आणि तो उताणा तरंगला असता. तरंगायची वस्तू पाठीवर हवी, असं कोणाला वाटेल? जो डबा बांधून शिकला त्याला. अयान शिकलाच नाही, शिवाय तो बोटीवर होता. उरलास तू. डबा बांधलेला पालथा तरंगतो, पण त्याला हात मारायला येतात, मान वर काढायला येते. वैजनाथला काहीच येत नव्हतं. त्या जॅकेटने त्याचं तोंड पाण्यात दाबून धरलं."

तेजसचा चेहरा पांढराफटक पडला होता. कानड्यांना वाटलं, आता हा नाही म्हणेल, उठून जाईल. कदाचित त्यांना तेच हवं होतं.

"मी मुद्दाम नाही बांधलं," तेजस म्हणाला. "मला खरंच वाटलं, असंच बांधतात. तो हसत होता. म्हणाला, तू पुण्याचा, तुला माहीत असणार."

"तेवढं मी मानतो. पण पुढे?"

"आधी वाटलं, मस्करी करतोय. मग कळलं. मी गुडघाभर पाण्यात गेलो. आणि उभा राहिलो. जागा एकच होती, काका. ते डोक्यात आलं. क्षणभरच आलं. मग फार उशीर झाला होता. खोलीत जाऊन पांघरूण घेऊन पडलो."

भाग्यश्री भिंतीला टेकूनच खाली बसली. तिने तेजसकडे पाहिलंही नाही.

कानड्यांनी आयुष्यात पुष्कळ गुन्हेगार उघडे पाडले होते, पण इतकं हताश त्यांना कधी वाटलं नव्हतं. याचं करायचं काय? प्रकरण बेटावर मिटलेलं, जॅकेट केव्हाच हरवलेलं, कबुली चहाच्या टेबलावरची. ती हा उद्या वकिलासमोर नाकारील आणि परवा विमानात बसेल. माणूस नुसता उभा राहिला, याचा पुरावा कुठून आणायचा?

इंदुबाई इतका वेळ हलल्याही नव्हत्या. आता त्यांनी पदर सावरला.

"म्हणजे त्याला जॅकेट घालता येत होतं," त्या म्हणाल्या. "आणि मी त्यालाच बोल लावत बसले."

"मावशी..." तेजस म्हणाला.

"एकच सांग, लेकरा. त्यानं हाक मारली होती का?"

"हो."

"मला मारली असेल. लहानपणी विहिरीपाशी गेला तरी घाबरून आई आई करायचा."

तेजसने नाही म्हणून मान हलवली.

"मला मारली, मावशी. माझंच नाव घेत होता."

तो उठला, चपला घातल्या आणि जिना उतरला. कानड्यांनी त्याला अडवलं नाही. अडवून न्यायचं कुठे, हे त्यांना माहीत नव्हतं. इंदुबाईंनी त्याचा न प्यालेला चहा उचलला, मोरीत ओतला आणि कप विसळून पालथा घातला. मग तो हातात घेऊन परत सरळ, तोंड वर करून ठेवला.