दोघांत कसं वाटायचं?

पहिल्या भेटीत तो मला नीट दिसलाच नव्हता. चष्म्याच्या काडीचा स्क्रू वाटेत कुठेतरी पडला होता, आणि एका हाताने चष्मा नाकावर धरून मी यादीतला पत्ता शोधत होते. पत्ता निघाला नेमका चष्म्याच्याच दुकानाचा.

"या, बसा," आतून आवाज आला. "चष्मा द्या आणि हात मोकळा करा."

"मी गिऱ्हाईक नाही. प्रश्न विचारायला आलेय, पाहणीसाठी."

"विचारा की. पण आधी इकडे बघा... भिंतीकडे नको, माझ्याकडे."

नवा स्क्रू लावलेली काडी कानावर नीट बसते का ते तो बघत होता. म्हणजे, असं मी स्वतःला सांगितलं. चष्मा लागला आणि तो स्पष्ट दिसला — तिशीचा, बाहीवर काचेची पांढरी भुकटी, आणि डोळे असे, की जणू प्रश्न मी नाही, तोच विचारणार आहे.

माझं काम सोपं होतं. हेच दहा प्रश्न मी हिवाळ्यात माझ्या देशात घरोघर विचारले होते, आता शेजारच्या देशात विचारत होते. माणसामाणसांच्या कमाईतला किती फरक लोकांना रास्त वाटतो, हे विद्यापीठाला जाणून घ्यायचं होतं. नऊ उत्तरं त्याने भराभर दिली. दहाव्याशी गाडी अडली.

"दोघांनी मिळून एक काम केलं," मी वाचलं. "एकाने दुसऱ्याच्या दुप्पट केलं. मजुरी दोघांत कशी वाटायची?"

आमच्याकडे बहुतेकांनी याचं उत्तर घड्याळाकडे बघत दिलं होतं. दुप्पट कामाला दुप्पट, त्यात विचार कसला करायचा? याने मात्र हनुवटी खाजवली.

"दुसऱ्याचं काम कमी का झालं?"

"ते फॉर्ममध्ये नाही."

"आजारी होता? नवशिका होता? की नुसत्या टिवल्याबावल्या करत होता?"

"मला काही सांगायची परवानगी नाही."

"मग विचारून या," तो म्हणाला. "मी कुठे पळून चाललोय?"

आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, उत्तर त्याच्या मनाचं हवं, आपण काही सांगायचं नाही. एवढंच कळवायला फोन पुरला असता. मी केस नीट विंचरून स्वतः गेले.

त्या दिवशी गल्ल्यावर त्याची आत्या होती आणि कोपऱ्यात काका. काकांचे हात थरथरतात, म्हणून काचा घासायचं काम सुटलंय. दिवसभरात ते चार-पाच काचा पुसतात. तरी शनिवारी दुकानाच्या कमाईचे तीन सारखे वाटे होतात, हे ऐकून मी लिहायचं थांबले.

"तुम्हाला राग नाही येत?" हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

"येतो ना. शनिवारी येतो. रविवारपर्यंत काही टिकत नाही." मग हळूच म्हणाला, "मी शिकत होतो तेव्हा ढीगभर काचा फोडल्या. तेव्हाही मला पूर्ण वाटा मिळायचा."

मग तो मला समोर चहाला घेऊन गेला. मी घराबद्दल, परतीच्या गाडीबद्दल बोलत होते आणि तो साखर ढवळायची विसरून ऐकत होता... इतकं लक्ष देऊन माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. उठताना मी बिलाचे निम्मे पैसे बशीजवळ ठेवले. त्याने पैशांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरं, येतो मी," म्हणाला आणि निघून गेला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

माझं काय चुकलं? दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी सकाळीच दुकान गाठलं, कारण लगेच पुढच्या दिवशी माझी परतीची गाडी होती. तो काचा घासायच्या चाकावरून मान वर करेना. शेवटी आत्यांनीच तोंड उघडलं.

"अगं, आमच्याकडे ज्याच्यापाशी जास्त, तो देतो. निम्मे मोजून ठेवले की समजायचं, पुढे संबंध नको."

मी थक्कच झाले. "आमच्याकडे उलटं आहे, आत्या. माझ्या आजीला मीठ आणायलाही नवऱ्यापुढे हात पसरावा लागायचा. आईने ते पाहिलं होतं. म्हणून लग्न झाल्यापासून घरखर्चाचा अर्धा भार ती उचलते. निम्मे देणं म्हणजे..." मी अडखळले. "म्हणजे आपण बरोबरीचे आहोत. पुन्हा भेटू या."

चाक थांबलं.

"बरोबरीचे?" त्याने विचारलं. "मग पगार किती तुमचा?"

आमच्याकडे हा प्रश्न सख्खा भाऊही विचारत नाही. कानशिलं तापली. पण याने स्वतःचा शनिवारचा रागसुद्धा माझ्यापासून लपवला नव्हता. मी आकडा सांगितला. त्याच्या वाट्याच्या तिप्पट होता.

त्याने हातातली काच खाली ठेवली. मला हा माणूस हवा होता. पण पगारासकट मी त्याला हवी आहे का? ते कुठल्याही फॉर्मवरून कळणार नव्हतं.

"तिप्पट," तो म्हणाला. "एवढं काम तरी काय करता?"

"लोकांना हेच विचारते."

तो हसला, मग गंभीर झाला. "खोटं कशाला बोलू, थोडं लागलं मनाला. जाईल रविवारपर्यंत. तो दहावा लिहून घ्या आता."

"नको. तुमचा फॉर्म मी रद्द केलाय."

"का? मी काय केलं?"

"ओळखीच्या माणसाचा फॉर्म चालत नाही."

"एवढी ओळख आहे आपली?"

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "बाईंना नुसतं 'परिचित' असं लिहून दिलंय."

काकांच्या हातातलं फडकं थांबलं. आत्या गल्ल्यात काहीतरी शोधू लागल्या.

"उत्तर मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुम्ही पुन्हा यावं म्हणून..."

"काय होतं उत्तर?"

"आता कशाला? फॉर्म रद्द झालाय ना." भुकटीने माखलेला हात त्याने पुढे केला. मी तो तसाच धरला. "उद्या मीही येतो. तुझी आई अर्धा भार कसा उचलते, ते बघायचंय मला."

तुझी. मला पुढचं काही नीट ऐकूच येईना.

"तुझं तिकीट मी काढते," मी म्हणाले. "माझ्यापाशी जास्त आहेत."

"छे," तो म्हणाला. "निम्मे-निम्मे."

दोघंही थबकलो. मी त्याच्याकडची रीत बोलत होते आणि तो माझ्याकडची.