सर हम्फ्रीच्या घराचा प्लॅन

महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, डॉक्टर वसुधाकाकूंनी सुलेखाच्या हातात जुन्या इंग्रजी पुस्तकांची पिशवी ठेवली. त्यातलं सगळ्यात झिजलेलं तिनं आधी उचललं. इंग्लंडमधल्या हवेलीत सर हम्फ्री नावाचा बडा फायनान्सर अभ्यासिकेत मरून पडलेला, दाराला आतून कडी. पहिल्याच पानावर घराचा प्लॅन, आणि प्रेत सापडलं तिथं फुली. पुण्यात आर्किटेक्चर शिकलेली बाई ती. गोष्टीआधी तिनं प्लॅनच वाचला. चौदा खोल्या, दोन जिने. मागच्या जिन्याखाली माणसाचं डोकं आपटणार, असं तिचं मत पडलं.

टेक्सासमधल्या प्लेनोला येऊन वर्ष झालं होतं. नवरा, शैलेंद्र, सकाळी सातला गाडी घेऊन ऑफिसला जाई. मग दिवसभर घरात ती, अकरा महिन्यांची नीला आणि एसीची घरघर. नीला झोपली तरी दर दहा मिनिटांनी सुलेखा तिच्या नाकापुढे बोट धरून यायची.

मंगळवारी प्लॅनमध्ये जिना एकच होता. आपणच नीट पाहिलं नसेल, तिनं मनाला समजावलं. बुधवारी जिना नव्हताच. बैठं घर, बाजूला गॅरेज, लांब पॅसेज, तीन बेडरूम.

"अरे, हे आपलं घर आहे."

शैलेंद्र टाय सैल करत वाकला. "टेक्सासमधली सगळी घरं एकाच साच्यातली. परवा मी शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेत गाडी पार्क केली होती, विसरलीस?"

"पण पुस्तक इंग्लंडचं आहे."

"तू जरा झोप काढ, यार."

गुरुवारी दुपारी तिनं ट्रंकेतून कॉलेजातली त्रिकोणी स्केल काढली. नीलाची खोली साडेअकरा बाय दहा. खिडकी कोपऱ्यापासून सव्वादोन फुटांवर. मग टेप घेऊन खरी खोली मोजली. इंचाचाही फरक नाही. आणि फुली नीलाच्या क्रिबवर, ती झोपते त्या पाळण्यावर.

तिनं काकूंना फोन लावला.

"नकाशा? त्या पुस्तकात?" काकू म्हणाल्या. "दोनदा वाचलंय गं मी. नव्हता बाई."

"काकू, मला आणि नीलाला न्यायला येता? आत्ता?"

"आवाज असा का येतोय तुझा? निघते क्लिनिकमधून. पाऊण तास धर. आणि जेवलीस का?"

पाऊण तास. तेवढा निभावायचा. पुस्तक कचऱ्यात टाकावं, तर फुली कुठे गेली ते कळणार कसं? पुस्तक काखेत मारून, नीलाला घेऊन ती पुढच्या अंगणात उभी राहिली. फुली अंगणात आली. बाहेर एकशे चार फॅरनहाइट, पोरीचे गाल लालबुंद. ती आत वळली, थेट आपल्या बेडरूममध्ये. दार लावलं, पान उघडलं.

फुली बेडरूममध्ये होती. आणि दाराची जागा बुजली होती. सलग काळी भिंत.

तिनं वळून पाहिलं. दार होतं. त्याची गोल मूठ फिरेना.

प्लॅनमध्ये खिडकीही नव्हती. तिकडे पाहायचं तिनं टाळलं.

रडायला नंतर वेळ होता. प्लॅन चुकला, की तो दुरुस्त करायचा. तिला तेच शिकवलं होतं. तिनं ड्रॉवरमधून शाईचं पेन काढलं, नीलाला डाव्या कडेवर घेतलं आणि प्लॅनवर बाहेरच्या भिंतीत तीन फुटांचं दार काढलं. हात हलू दिला नाही. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

फुली फिकी होत गेली. मग नव्हतीच.

सुलेखानं नीलाचं कपाळ पुसलं. मग पहिल्यांदाच तिनं शेवटचं पान उघडलं. डिटेक्टिव्ह जमलेल्या मंडळींना सांगत होता, खुनी ज्या दारानं आत आला, ते मूळ प्लॅनमध्ये नव्हतं.

तिनं पानं उलटी फिरवली, प्लॅनपर्यंत.

दार कुठल्या बाजूला उघडतं, ते दाखवणारी कमान तिनं सवयीनं काढली होती. कॉलेजात पाच वर्षं काढली, तशीच. आत उघडणारी.

तिनं ती बाहेरची भिंत चाचपली. गुळगुळीत. नीलाला छातीशी आवळून, टाचा गालिच्यात रोवून, ती त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सत्तावीस मिनिटं उरली होती. उभं राहता येईल. राहायचंच.

कमरेपाशी, साडीतून, गोल आणि थंड असं काहीतरी सावकाश फिरलं.