दम घेणारा झरा

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलेल्याला अर्धीच गोष्ट पोचते, आणि ही अर्धी ऐकून चालायची नाही. देवानं माणसाच्या छातीत जो भाता ठेवलाय तो बंद पडला, तर शेजारच्यानं काय करायचं? ते सांगणार आहे. पण सुरुवात होते एका झऱ्यापासून!

डोंगरापलीकडच्या जंगलात एक झरा वाहता वाहता थांबतो, असं लाकूडतोडे सांगत. पार कोरडा पडतो, आणि मग पुन्हा धो धो सुटतो! किती वेळानं? कोणी म्हणे घटकाभरानं, कोणी म्हणे जेवण होईस्तोवर. असलं उत्तर आमच्या गावच्या घड्याळजीला कसं पटावं? तीस वर्षं त्याचा डोळा भिंगाला आणि कान टकटकीला चिकटलेला. त्याची झोपच उडाली. "मोजून येतो," म्हणाला.

"एकटा गेलास तर वाटेत मुंग्या मोजत बसशील," असं म्हणून त्याची थोरली बहीण निघाली. ही ताई शिवणकारखान्यात मुकादम. तिसरा त्याचा मेहुणा, बायकोचा भाऊ, सुतार. खांद्यावर दोर आणि तोंडात सदा थट्टा!

पहिला दिवस काटेरी जाळीनं खाल्ला. दुसऱ्या दिवशी ओढ्यावरचा ओंडका पायाखाली गरकन फिरला. ताई लोंबकळली, सुतारानं दोरानं ओढून घेतली. पुढे उभा कडा! नखं मोडली, गुडघे सोलवटले.

"भावोजी, घरी भिंतीवर चौदा घड्याळं आहेत ना तुमच्या? त्यांचं पोट नाही भरलं?" सुतार धापा टाकत म्हणाला.

आणि दुपारी कड्यामागे तो दिसला! खडकाला माणूस जाईल एवढं भोक, त्यातून पांढरीशुभ्र धार, आणि खाली हिरवा, गार डोह. तिघे पाहत असतानाच धार बारीक झाली, ठिबकली, थांबली. पाखरंसुद्धा गप्प झाली. घड्याळजीनं वेळ टिपली. कोण धरत असेल हे पाणी आत? कशासाठी?

"आत डोकावू का, भावोजी? यंत्र कसंय ते बघतो!"

नको म्हणायला हवं होतं. पण उत्सुकता भारी वाईट! घड्याळजी ओरडला, "बघ, बघ! पाणी यायच्या आत बघ!"

सुतार भोकात कमरेपर्यंत शिरला. आतून घरघर आली. "मागे फिर!" पण पाणी आधी आलं! धारेनं त्याला उचललं, खडकावर आपटलं, डोहात फेकलं. तो वर आलाच नाही.

घड्याळजीनं उडी घेतली. पहिल्या बुडीत हाती नुसतं शेवाळ. दुसऱ्या बुडीत सदरा लागला! दोघांनी त्याला खडकावर ओढला. ओठ निळे. छाती हलेना. हाक मारली, हलवलं, काही नाही. फोनला रेंज नाही.

घड्याळजीनं त्याचे पाय धरले. "उलटा धरू! पोटातलं पाणी काढू!"

"पाय सोड!" ताई गरजली. "पाणी काढण्यात वेळ घालवू नको. याला हवा पाहिजे."

तिनं सुताराचं डोकं मागे कलतं केलं, हनुवटी उचलली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडाला तोंड लावून पाच वेळा हवा भरली. मग छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा तळहात, कोपरं ताठ. दाब! सोड! दाब! तीस वेळा. पुन्हा दोन श्वास. पुन्हा तीस.

"हे कुठं शिकलीस गं?"

"कारखान्यात. दोन तास, रबरी बाहुल्यावर. बोलू नको, ये. माझे हात भरून आले."

घड्याळजी बसला. आणि त्यानं काय केलं असेल? आयुष्यभर कानात जो ठेका बसला होता, तोच धरला! टक... टक... सेकंदाला एक. अगदी अचूक!

"अरे, घड्याळ दुरुस्त करतोयस का? दुप्पट! टक म्हणायच्या आत दोनदा! दोन इंच खोल!"

त्यानं वेग धरला. कट्! हाताखाली बरगडी बोलली. तो दचकून थांबला.

"मोडली ताई!"

"बरगडी जुळते. थांबू नको!"

दाब. सोड. कपाळावरचा घाम सुताराच्या गळ्यावर पडत होता. घरी बायकोला काय सांगायचं? तुझा भाऊ माझ्या एका 'बघ'पायी गेला? देवा, मला पुन्हा काही मोजायचं नाही, एवढा एक श्वास दे! ताईनं पुन्हा हवा भरली. पुन्हा तीस. पुन्हा तीस.

सुताराच्या घशात खळखळ झाली. ताईनं झटकन त्याला कुशीवर वळवलं. पाणी ओकला, खोकला, आणि घर्रकन श्वास ओढला! मग दुसरा. मग तिसरा!

बऱ्याच वेळानं तो पुटपुटला, "भावोजी... छातीवर रंधा मारलात का?"

घड्याळजी ओक्साबोक्शी रडला. मागे झरा केव्हाच पुन्हा थांबला होता. कधी, किती वेळानं, कुणाला ठाऊक! त्यानं मान वळवूनही पाहिलं नाही. फांद्या आणि दोराची डोली करून दोघं उतरणीच्या लांबच्या वाटेनं निघाली. अंधार पडायच्या आत जंगलातलीच लाकूडतोड्यांची वस्ती लागली, तिथून गाडीनं दवाखाना. डॉक्टर म्हणाले, "हात थांबले नाहीत, म्हणून हा आहे."

दवाखान्याच्या बाकावर घड्याळजीनं विचारलं, "ताई, कारखान्यात हे शिकवायचं कुणाच्या डोक्यात आलं?"

ताई म्हणाली, "काजं करणारी एक होती आमच्याकडे. हसरी. मशीनवरच कोसळली. आम्ही चौदा जणी भोवती उभ्या राहिलो. कुणी कांदा हुंगवला, कुणी वारा घातला. गाडी यायला वीस मिनिटं लागली, तोवर ती गेली. छातीला हात कुणी लावला नाही रे. माहीतच नव्हतं."

मंडळी, घड्याळजी आता दर महिन्याला त्या रबरी बाहुल्यापाशी बसतो आणि येईल त्याला शिकवतो. तुम्हीही शिका, दोनच तास लागतात. आणि पहिल्यांदा छातीवर हात ठेवाल तेव्हा त्या काजं करणाऱ्या बाईची आठवण काढा. तिच्या वेळी हे कुणालाच येत नव्हतं.