जामखेडची बेबी ऑस्टिन

आसाराम बेरड भिंगारच्या लष्करी वर्कशॉपात स्टोअर सांभाळायचा. पासष्टच्या लढाईआधी तो रणगाड्यांवर फिटर होता. लढाईत डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याला लाकडी पाय बसवून मिळाला, भिंगारला खुर्चीवरची नोकरी मिळाली, आणि नटबोल्टांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात सात वर्षं गेली. माणूस तक्रारखोर नव्हता. रस्त्यानं एखादी गाडी चुकीच्या गिअरमध्ये कण्हत निघाली की मात्र हातातलं काम थांबवून तो ती दिसेनाशी होईपर्यंत ऐकत राही.

बाहत्तरच्या दिवाळीनंतर त्याला गाडी मिळाली. त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. जामखेडच्या काकासाहेब वराटांच्या गोठ्यात त्यांच्या मयत थोरल्या भावाची, आप्पासाहेब डॉक्टरांची, बेबी ऑस्टिन पंधरा वर्षं उभी होती. दावणीला जनावर उरलं नव्हतं, गोठा पाडायचा होता. काकासाहेबांनी ओळखीतून निरोप धाडला, कुणी कारागीर नेत असेल तर न्यावी. आसारामनं ती ट्रकवर घालून आणली आणि घरामागच्या कडुनिंबाखाली विटांवर चढवली.

गाडी कसली, खेळणंच. पाचसहा माणसं उचलून बाजूला ठेवतील एवढी. त्याची बायको मनकर्णा पदराला हात पुसत बाहेर आली, गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "हिच्यात अकोल्यापतूर जाता यील?"

संगमनेराकडच्या अकोल्याच्या पुढं डोंगरात तिचं माहेर. चार वर्षांत ती तिकडं गेली नव्हती. तीन ठिकाणी एसटी बदलायची, त्यात नवऱ्याचा पाय. तिकडं म्हातारी आई डोळ्यांनी अधू होत चाललेली.

"जाता यील अशी करतो," आसाराम म्हणाला. "आखितीला जाऊ."

अक्षय्य तृतीयेला अजून अवकाश होता. थंडीभर त्यानं गाडी उकलली. रविवारी दिवसभर, इतर दिवशी कामावरून आल्यावर उजेड असेतो. इंजिन निघालं, चाकं निघाली, एकेक पुर्जा रॉकेलात पडला. मनकर्णा दुपारचं धान्य निवडायला सूप घेऊन गाडीतच बसायला लागली. डावीकडची सीट तिची. आतून म्हणायची, "डोळं मिटलं की राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, समदं दिसतं. अकोलं तेवढं येत न्हाई." आणि हसायची. आसारामही हसायचा.

सगळ्यात अवघड काम क्लचचं होतं. डाव्या पायाशिवाय क्लच दाबायचा कसा? महिनाभर त्यानं तोच विचार घोळवला होता. स्टिअरिंगशेजारून एक लांब दांडी वर आणायची, उजव्या हाताची बोटं लांबवून ओढता येईल अशी, आणि खाली ती क्लचला जोडायची. दांडीचा पाया तळाच्या पत्र्यावर तीन बोल्टांनी बसवायचा. चासीची पट्टी मधे येत होती, म्हणून तिसरा बोल्ट जरा तिरपा घ्यावा लागणार होता. संक्रांतीच्या आदल्या रविवारी त्यानं खडूनं तीन खुणा केल्या आणि भोकं पाडण्याआधी तिथला गंज खरवडला.

खुणांखाली भोकं होती. तिन्ही. तिसरं तिरपं. शिशानं बुजवलेली, वर कंपनीचा काळा रंग. शिसं टोकरून काढलं तर कडा एका बाजूला झिजलेल्या दिसल्या. कुणी वर्षानुवर्षं दांडी ओढली की झिजतात तशा.

आसारामला उकिडवं बसता येत नसे, तो तिथंच पसरून बसला. मग त्यानं स्वतःलाच समजावलं. जगात लंगडे काय आपण एकटेच आहोत? आधी कुणाकडं तरी असणार गाडी.

तरी पुढच्या सुट्टीला तो जामखेडला गेला. रस्त्याकडेला दुष्काळी कामाची खडी फुटत होती, एसटीच्या खिडक्यांतून धुरळा आत येत होता. काकासाहेब ओसरीवर एकटेच बसले होते.

"डॉक्टरांच्या पायाला काय झालं हुतं का?" आसारामनं विचारलं.

"पायाला? दादाचं दोनी पाय धड हुते. शेवटपतूर."

"मंग त्यांच्या आधी गाडी कुनाची?"

"कुनाची न्हाई. दादानं मुंबईला गोदीतनं नवीकोरी उतरवून आनली, अडतीस साली. त्याच्या हाताशिवाय दुसऱ्याचा हात लागला न्हाई तिला." काकासाहेबांनी त्याच्या पायाकडं पाहिलं. "का वो?"

"काय न्हाई. सहज."

परतीच्या वाटेवर त्यानं ठरवलं, म्हातारा विसरला असेल.

रंग मनकर्णानं निवडला. तिला जवसाच्या फुलाचा निळा हवा होता. तसा रंग भिंगारच्या बाजारात नव्हता, नगरलाही नव्हता. मग आसारामनं पाटी रंगवणाऱ्या पेंटरकडून उरलेला निळा आणला, त्यात पांढरा घातला, किंचित लाल घातला, परत पांढरा. मनकर्णा शेजारी उभी राहून "अजून, अजून" म्हणत होती आणि मग एकदम म्हणाली, "ह्यो." डब्याच्या झाकणावर एक पट्टा ओढून त्यांनी तो वाळत ठेवला. तसा रंग जगात दुसरीकडं असायचं कारण नव्हतं.

रंगकामासाठी बॉनेटखालची कंपनीची पितळी पट्टी काढावी लागणार होती. नंबर कोरलेली, बोटभर रुंद. तिचे रिवेट कारखान्यात ठोकलेले होते, एकदाही हललेले नव्हते. त्यांच्या माथ्यावर आणि पट्टीच्या कडेवर जुना काळा रंग अखंड होता. आसारामनं ते छिन्नीनं उडवले. पट्टी सुटून हातात आली.

पट्टीखाली निळा होता.

त्यानं झाकण आणून शेजारी धरलं. ऊन चांगलं होतं. दोन्हींत काडीचा फरक नव्हता.

मनकर्णानं आतून विचारलं, "जमतंय न्हवं?"

"जमतंय," तो म्हणाला, आणि पट्टी परत जागेवर दाबून धरली, जणू तिच्याखालचं काही बाहेर पडणार होतं.

आसाराम फिटर होता. नेमकं काय बिघडलंय ते कळत नसेल तर एकेक गोष्ट बदलून पाहायची, हे त्याला पाठ होतं. त्यानं तेच केलं. जिथं शहाणा माणूस कधी भोक पाडणार नाही अशी जागा पाहायची. ती जागाही आपण निवडायची नाही. मागच्या सीटच्या जागी, मोकळ्या पत्र्यावर, त्यानं तोंड फिरवून एक खिळा फेकला. खिळा जिथं थांबला तिथं खरवडलं.

शिशाची गोल टिकली. आजूबाजूला वीतभर खरवडलं, तिथं काही नव्हतं. फक्त खिळ्याखाली.

त्या दिवशी त्यानं हत्यारं लवकर आवरली. जेवताना मनकर्णा म्हणाली, "तोंड का उतरलंय?"

"ऊन लागलं."

फाल्गुनात विहिरींचे तळ दिसायला लागले. गल्लीत टँकर येई तेव्हा बायकांचा गलका होई, तेवढाच काय तो आवाज. बाकी दुपारी सगळं सुन्न. अशाच एका दुपारी, मनकर्णा हंडा घेऊन रांगेत गेली असताना, त्यानं डावीकडची सीट उचकटली. काथ्या कुजला होता, नवा भरायचा होता. काथ्यातून खडीसाखरेसारखे काचेचे कण गळाले. मूठभर निघाले. त्यानं समोरच्या काचेकडं पाहिलं. ती अख्खी होती, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का असलेली, कधीच न बदललेली.

डॅशबोर्डच्या पत्र्याला त्यानं आतून हात लावला. डाव्या बाजूला, बसलेल्या माणसाचं कपाळ जिथं येईल तिथं, पत्रा ठोकून ठोकून सरळ केलेला होता.

सीटच्या चौकटीत, कोपऱ्यात, काहीतरी अडकलं होतं. पकडीनं ओढून काढलं. चांदीचं जोडवं, काळं पडलेलं. एका ठिकाणी चिरलेलं आणि पितळेची झाळ देऊन जोडलेलं. चांदीवर पितळेची झाळ कुठला सोनार देत नाही. आसारामनं दिली होती, दोन वर्षांपूर्वी, मनकर्णाचं जोडवं चिरलं तेव्हा, हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून. झाळ जरा जास्त पडली होती आणि तिचा ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा राहिला होता. मनकर्णा त्यावरून त्याला अजून चिडवायची.

फुगवटा तसाच होता.

तो दारात जाऊन उभा राहिला. मनकर्णा रांगेतून परत येत होती, डोक्यावर हंडा, हळूहळू. तो तिच्या पावलांकडं पाहत राहिला. ती उंबऱ्याशी आली. दोन्ही पायांत जोडवी होती. उजव्या पायातल्यावर पितळेचा दाणा होता.

"काय बघताय खाली?"

"काय न्हाई."

त्याच्या मुठीत जोडवं तापलं होतं. संध्याकाळी त्यानं ते वर्कशॉपच्या वाटेवरच्या कोरड्या विहिरीत टाकलं. पडल्याचा आवाज आला नाही. विहीर खोल होती, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

चैत्रात अकोल्याहून कार्ड आलं. मनकर्णाच्या भावानं लिहिलं होतं, आईला आता अजिबात दिसत नाही, आवाजावरून ओळखते, एकदा येऊन जा. मनकर्णानं ते कार्ड शेजारच्या साळूबाईंच्या लेकीकडून तीन वेळा वाचून घेतलं आणि मग आसारामपुढं धरलं.

"आखितीला गाडी हुईल न्हवं?"

"एसटीनं जाऊ."

"अवं, पर तुमचा पाय…"

"तू एकटी जा मंग. भावाला घ्यायला बोलीव."

तिनं कार्ड फडताळात ठेवलं. मग म्हणाली, "मी आईला कळवलंय. दोगं गाडीतनं येतोय म्हनून. तिला किती बरं वाटलं असंल." आणि त्याच्याकडं बघत, "माझं काय चुकलं का?"

"तुझं काय चुकलं न्हाई."

"मंग गाडीचं काय बिनसलं?"

त्याला सांगता आलं असतं. तोंड उघडलंही. पण सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. तो उठून बाहेर गेला.

त्यानं ठरवलं, गाडी मोडायची. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. चासी मधोमध कापायची आणि दोन तुकडे दोन दिशांना भंगारात धाडायचे. वर्कशॉपात तो म्हणत असे, कुठलाही पुर्जा परत बसतो, पण कणा तुटलेली गाडी उठत नाही.

शनिवारी अर्धा दिवस होता. बाराला तो घरी आला, हॅक्सॉला नवं ब्लेड चढवलं आणि गाडीखाली पाठीवर सरकला. उन्हानं विटा तापल्या होत्या. चासीच्या पट्टीवर त्यानं मधोमध खूण केली आणि सवयीनं, ब्लेड घसरू नये म्हणून, तिथला काळा रंग पत्र्याच्या तुकड्यानं खरवडला.

वेल्डिंगचा सांधा होता.

जुना. पट्टी तिथं आरपार कापलेली आणि परत जोडलेली.

वेल्डिंगला माणसाचं अक्षर असतं. आसारामचा हात प्रत्येक टाक्याच्या शेवटी उजवीकडं जरासा निसटायचा. पूर्वी निसटत नसे. लाकडी पायावर तोल सांभाळायला लागल्यापासून निसटायला लागला होता. पडलेला टाका पाहूनच, "बेरड, तुझाच हाय," असं, ज्याच्या दुकानात तो कधीमधी टाके मारी तो बाजारातला गॅस-वेल्डिंगवाला राधाकृष्ण सांगायचा.

टाके उजवीकडं निसटलेले होते. प्रत्येक.

वर स्प्रिंग करकरली. चासी केसभर खाली आली. मनकर्णा सूप घेऊन तिच्या जागेवर येऊन बसली होती.

"उतर खाली," तो म्हणाला.

"दोन मिंटं. आत लई उकडतंय."

"उतर म्हनलं ना."

"काय करताय खाली?"

त्यानं सांध्याच्या बोटभर पुढं खरवडलं.

तिथं दुसरा सांधा होता.

त्याच्या बोटभर पुढं तिसरा.

रंगाची भुकटी डोळ्यांत जात होती. डोळे न पुसता तो खरवडत राहिला. चौथा. पाचवा. सगळे त्याच्या हाताचे, एकाशेजारी एक. पहिला त्यातल्या त्यात नीटस होता, पाचवा घाईघाईचा. पाच वेळा गाडी कापली होती आणि पाचही वेळा त्याच्याच हातानं परत जोडली होती.

वरून सुपात ज्वारी पाखडल्याचा आवाज येत होता.

पाचव्याच्या पुढं बोटभर कोरं लोखंड होतं. आसारामनं ब्लेड तिथं टेकवलं आणि कापायला सुरुवात केली.