सोडू नका जी

ब्रेक ऑइलचा डबा आणायला प्रफुल सिंदेवाहीला गेला, तिथून ही गोष्ट सुरू होते. नीट बसा. ज्याला बाहेर जाऊन यायचं असेल त्यानं आत्ताच जावं. नंतर तुमची हिंमत होणार नाही आणि मी थांबणार नाही.

प्रफुल म्हणजे माझ्या मामेभावाचा जावई. त्याची बायको साधना. गावाचं नाव सांगत नाही, कारण साधना अजून तिथंच राहते. सिंदेवाहीहून मूलकडे जाताना लागतं, एवढं समजा. साल दोन हजार चोवीस, डिसेंबरची बारा तारीख, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. साधनाचा उपवास होता. घट मांडला होता, संध्याकाळी शेजारच्या बायांना बोलावून हळदीकुंकू केलं होतं. हे तिनंच मला सांगितलं. एकदाच सांगितलं.

प्रफुलला जुन्या मोटारींचं वेड. अहेरीकडं एका मेलेल्या ठेकेदाराच्या घरामागं एक काळी मोटार वेलींत बुडून पडली होती, प्रफुलच्या बापापेक्षा वयानं मोठी. ती त्यानं ट्रकवर घालून आणली आणि वर्षभर खपून उभी केली. इंजिन लागलं. रंग झाला. आत लाल गाद्या बसल्या. लग्नाच्या वरातींना द्यायची, असा त्याचा बेत होता, आणि पहिलीच वरात दुसऱ्या दिवशी सकाळी होती. सगळं झालं होतं, फक्त ब्रेक लागत नव्हता. पायडल दाबलं की स्पंजात पाय रुतावा तसं खाली जायचं. तीन-चारदा मारलं तर कुठं गाडी धरायची.

"लाइनीत हवा हाये," प्रफुल जेवता जेवता म्हणाला. "हवा काढली का झालं. पन दोघं लागते. तू आत बस, मी खाली जातो."

"आता? रातचं?"

"सकाळी सातले नवरदेव बसन गाडीत. आता नाई तं कवा?"

घरामागं टिनाचा शेड होता. आधी तिथं धानाची गिरणी होती, त्यामुळं जमिनीवर अजून कोंड्याचा मऊ थर. साडेनऊला दोघं आत गेले आणि प्रफुलनं शटर खाली ओढलं. त्या दिवसांत तलावाकडं वाघ फिरत होता. अंधार पडला की गावात कुत्रंही बाहेर दिसायचं नाही.

त्यानं मागचं डावं चाक जॅकवर उचलून काढलं. जॅकच्या जोडीला लाकडाचा ठोकळा लावायचा असतो. त्यानं लावला नाही. दहा मिनिटांचं काम, म्हणाला. हातातला दिवा घेऊन तो पाठीवर सरपटत मागच्या चाकाच्या जागी गेला. साधना पुढं, स्टेअरिंगवर. तिनं चपला काढल्या होत्या.

काम सोपं असतं. वरच्यानं पायडल दाबून धरायचं. खालच्यानं चाकाजवळचं निप्पल, म्हणजे तेलाच्या नळीचं बारीक तोंड, पान्यानं ढिलं करायचं, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे निघतात. निप्पल कसायचं, मग वरच्यानं पाय सोडायचा. पुन्हा दाबायचं.

"दाबा जी, शेठाणीबाई!" खालून प्रफुल ओरडला.

साधना हसली. ही गाडी आली तेव्हापासून तो तिला शेठाणीबाईच म्हणायचा.

"सोडा जी."

दाबा. सोडा. दाबा. सोडा. बराच वेळ असंच चाललं.

"अजून हवा येऊनच राह्यली," प्रफुल म्हणाला. "एवढी हवा कुठून येते बा?" मग नाकानं हुंगून, "साधना, तू बिडी पेत नाईस ना वं?"

"काहीबी काय बोलता!"

"हवेले बिडीचा वास येते."

दोघंही हसले. तिनं पुन्हा पायडल दाबलं.

तेव्हा गाडीला मागून एक गचका बसला. पाठोपाठ आवाज आला... फुस्स... लांब, अगदी सावकाश. आणि साधनाच्या पायाखालचं पायडल दगडासारखं घट्ट झालं.

"निघाली का हवा?" तिनं आनंदानं विचारलं.



"सोडू नका जी."

आवाज घोगरा होता. कोंडा घशात गेला असेल, असं तिला वाटलं.

"नाई सोडत जी," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं.

पोरांनो, हे ती मला सांगत होती तेव्हा याच ठिकाणी थांबली होती. मी हसले, काका, म्हणाली. तो खाली होता आणि मी हसले.

थोडा वेळ गेला. पोटरी भरून आली.

"सोडू का आता?"

"सोडू नका जी."

"पाय दुखते ना."

तिनं एका हातानं पोटरी चोळली.

मग फोन वाजला. प्रफुलच्या खिशातला. नवरदेवाच्या घरचा असणार. पूर्ण वाजला आणि बंद झाला. परत वाजला. परत बंद झाला.

"फोन काऊन नाई उचलत?"

"सोडू नका जी. सोडलं का गाडी येते अंगावर."

फोन मागं वाजला होता, चाकाजवळ. प्रफुल तिथंच होता.

हा आवाज मागून येत नव्हता. तो तिच्या पायाखालून येत होता.

जुन्या मोटारीचा पत्रा पायडलपाशी गंजून गेला होता. रुपयाएवढी भोकं होती, वर चटई टाकलेली. तिनं डाव्या पायानं चटई सरकवली. मागं प्रफुलजवळच्या दिव्याचा पिवळा उजेड भोकातून वर आला.

मग भोक काळं झालं.

खाली काहीतरी त्याला येऊन टेकलं होतं. तिच्या तळपायाला वाफ लागली. गरम...

"सोडू नका जी... मालक."

मालक.

बाईला कोणी मालक म्हणत नाही.

ती किंचाळली. प्रफुल, प्रफुल, प्रफुल... मागून काहीच नाही. उतरून पळावं, तर पाय उचलावा लागतो. पाय उचलला आणि गाडी खरंच प्रफुलच्या अंगावर आली तर? खालचं ते खोटं बोलतंय की खरं, हे तिला कसं कळणार? तिनं दोन्ही पाय पायडलवर दिले. दात आवळले. दिवा केव्हातरी विझला. अंधारात खालून येतच राहिलं. सोडू नका जी. सोडू नका जी. थकलेला आवाज. विनवणारा. माणूस मरणापुढं विनवतो तसा.

तिनं सोडलं नाही.

उजाडताना शेजारच्या डोमानं शटर उचललं. साधना तशीच बसली होती, दोन्ही पाय पायडलवर. पाय लाकूड झाले होते. डोमा आणि त्याच्या भावानं ते हातांनी उचलून खाली ठेवले. रात्री तिच्या हाका डोमाला ऐकू आल्या होत्या. "नवराबायकोचं भांडण असन म्हटलं," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "अन् वाघ..."

जॅक कलला होता. मागच्या चाकाचा लोखंडी ड्रम प्रफुलच्या छातीवर बसला होता. तिनं ऐकली ती हवा लाइनीतली नव्हती. डॉक्टर म्हणाले, हाड एकही मोडलं नाही, नुसता श्वास घेता आला नाही. लगेच वर उचललं असतं तर वाचला असता. जॅकचा दांडा गाडीच्या दाराशीच पडला होता, साधनाच्या हाताच्या अंतरावर. आणि गाडी ओढून काढायला आलेला मिस्त्री, तिच्याकडं न बघता, सहज बोलून गेला, "ब्रेक दाबून का फायदा होता? गाडी तं खालीच बसली होती."

त्या दिवसापासून साधना कुणाशी फारसं बोलत नाही.

तेराव्यानंतर मी अहेरीकडं गेलो. ठेकेदाराच्या घराची राखण करणारा गोविंदा नावाचा म्हातारा भेटला. तो म्हणाला, या गाडीवर चैतू नावाचा डायवर होता. भामरागडच्या रस्त्यावर, उतारावर, ब्रेक गेले. चाकाला लावायला जवळपास दगडही नव्हता. चैतू गाडीखाली शिरला आणि ठेकेदार पायडलवर पाय देऊन बसला. उरलासुरला ब्रेक तेवढाच. चैतू खालून सारखा सांगत होता, सोडू नका जी, मालक. सोडू नका जी.

"मंग?" मी विचारलं.

"मालकाच्या पायाले मच्छर चावला," गोविंदा म्हणाला. "मालकानं पाय उचलला."

बस्स. एवढंच.

आता शेवटचं. हे साधनाला ठाऊक नाही, तुम्हीही तिच्या कानावर घालू नका. त्या सकाळी प्रफुलला नेलं, मिस्त्र्यानं गाडी ओढून शेडबाहेर काढली, तेव्हा मी आत एकटा उभा होतो. मागच्या चाकाच्या जागी कोंड्यात प्रफुलच्या पाठीची खूण होती. सरपटत आत गेल्याची, ओढत बाहेर काढल्याची. ते ठीक.

पुढं, जिथं पायडल होतं त्याच्या बरोबर खाली, आणखी एक खूण होती. पाठ, दोन कोपरं, दोन टाचा, डोक्याचा गोल. एक माणूस उताणा झोपलेला. भोवतीचा कोंडा जसाच्या तसा होता. आत शिरल्याची खूण नाही, बाहेर आल्याची नाही.

मी खाली बसलो. त्या खळग्यात हात ठेवला.

डिसेंबरची सकाळ. अंगणातल्या बादलीचं पाणी हाताला चावत होतं, प्रफुलचं अंग केव्हाच गार पडलं होतं...

तो कोंडा कोमट होता.